दगडाची मशागत

नगरच्या बाजारात ज्वारी किलोवर मिळते, कापड मीटरवर मिळतं. विळ्याची धार मात्र अंगठ्यावर घ्यावी लागते. विळा घ्यायला आलेली बाई पात्यावर अंगठा आडवा फिरवते, कातडीला काय कळायचं ते कळतं आणि मग भाव सुरू होतो. धार फूटपट्टीनं मोजावी असं तिच्या मनातही येत नाही. आंद्रे लरुआ-गुराँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या मात्र ते मनात आलं. त्यानं एक ढोबळ हिशेब मांडला. त्या त्या युगातल्या कारागिराच्या हाती एक किलो दगड दिला, तर तो त्यातून किती लांबीची धार काढी?

हिशेब युरोपातल्या हत्यारांवरून मांडलेला होता. पण तो पडताळून पाहायला फ्रान्सला जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातली एक नदी पुरेशी आहे.

प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात थबकते, अकोले आणि संगमनेर मागे टाकत पूर्वेकडे उतरते, श्रीरामपूर तालुक्यातून पुढे सरकते, नेवाशाला येते आणि प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. दोनेकशे किलोमीटरची वाट. नेवासे म्हटलं की आपल्याला शके १२१२ आणि ज्ञानेश्वरी आठवते. त्याच गावाजवळ, नदीनं कापून उभ्या केलेल्या दरडींत, वाळूगोट्यांच्या थरांत माणसाच्या हातची कितीतरी जुनी कामं रुतून बसली आहेत. अक्षर नव्हतं, मडकं नव्हतं, शेतीही नव्हती, तेव्हाची.

ती कामं समजायची तर आधी दगड समजायला हवा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले आणि आपला सह्याद्री, आपलं पठार, आपला काळा कातळ तयार झाला. तापलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे होते. तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडते तशी थिजणाऱ्या कातळाला जाळी पडली. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत सिलिका आणून भरली आणि तिच्या गारगोट्या झाल्या. दुधी, धुरकट असेल ती कॅल्सेडनी, पट्टेदार असेल तो अकीक, लालसर किंवा हिरवट असेल तो जास्पर. शेतकरी या सगळ्यांना एकच नाव देतो, गार. काही ठिकाणी लाव्हा जमिनीखालच्या भेगांतच थिजला. तो डोलेराइट, काळा, घट्ट आणि वजनदार.

पुढची गंमत पाहा. गार ही कातळापेक्षा कठीण. ऊन-पावसानं कातळ कुजला, त्याची काळी माती झाली, तिच्यात ज्वारी उगवू लागली. गार काही कुजली नाही. ती नांगराच्या फाळाला लागत राहिली, ओढ्यात उतरली, नदीत गोल झाली. म्हणजे कठीण दगड निवडून, पाखडून, नदीकाठी आणून ठेवण्याचं काम निसर्गानंच करून ठेवलं होतं. माणसानं फक्त वाकायचं होतं.

वाकला, उचलला, आपटला. पण आपटून काय होतं?

बेचकीतून सुटलेला खडा जाड काचेला लागला की एक विलक्षण गोष्ट घडते. बाहेरच्या बाजूला बारीकसा ठिपका आणि आतल्या बाजूला रुंद खड्डा. मधला तुकडा छोट्या शंकूसारखा उडून जातो. लाकडाला उभ्या रेषा असतात, अभ्रकाला पापुद्रे असतात, त्यामुळं ती आपल्या सवयीच्या दिशेनं फाटतात. काचेला अशी सवय नाही. गारेचा कण इतका बारीक की तिचंही तसंच. घाव ज्या बिंदूवर बसतो तिथून ताण चोहीकडे शंकूच्या आकारात पसरतो. घाव मधोमध न घालता कडेला घातला, तर अख्खा शंकू निघत नाही, त्याची एक फाक निघते. पुरातत्त्वज्ञ तिला छिलका म्हणतात, आणि ज्यातून ती निघाली त्या दगडाला गाभा.

छिलका उलटा करून पाहिला की घावाची सही दिसते. घाव लागला तिथं खाली एक फुगवटा असतो आणि त्या फुगवट्यापासून, तळ्यात खडा टाकावा तशा, लाटा पसरत गेलेल्या असतात. पाण्यावरची लाट क्षणात मिटते. दगडातली लाख वर्षं टिकते.

या विद्येचा एकच कडक नियम आहे. जिथं घाव घालायचा तिथं दगडाच्या दोन बाजूंमधला कोन काटकोनाहून कमी हवा. गोल गोट्याच्या पोटावर कितीही जोर लावा, हातालाच झिणझिण्या येतील. अंगच्या जोराला इथं फारशी किंमत नाही. सारी किंमत कोनाला.

आणि धार? गारेच्या ताज्या छिलक्याची कड फुटक्या काचेसारखी असते. कठीणपणाचं म्हणाल, तर आपल्या आजोबांच्या पिढीला त्याचा रोजचा अनुभव होता. चंचीत पान-तंबाखूबरोबर चकमक, गार आणि कापूस असे. चकमक म्हणजे पोलादाचा तुकडा. तो गारेवर घासून मारला की ठिणगी पडे, कापूस धुमसे, चिलीम पेटे. बहुतेकांना वाटतं ठिणगी दगडातून निघते. निघते ती लोखंडातून! गार पोलादापेक्षा कठीण, म्हणून ती पोलादाचा बारीक किस काढते आणि तो तापलेला किस हवेत जळतो. लोखंडाला सोलून काढणारा दगड आपण वर्षानुवर्षं खिशात बाळगत होतो.

आता हिशेबाकडे.

पहिली पायरी सोपी. नदीतला गोटा घ्या, एका कडेला दोन-चार घाव घाला, ओबडधोबड तोडणी तयार. लरुआ-गुराँच्या हिशेबात किलोभर दगडामागे धार निघते सुमारे १० सेंटिमीटर. तळहाताच्या रुंदीएवढी.

दुसरी पायरी पाहायची तर नेवाशाजवळ चिर्की नाला प्रवरेला मिळतो तिथं जावं. गुद्रून कॉर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी १९६६ ते १९६९ या काळात तिथं उत्खनन केलं. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची हत्यारं तिथं सापडली. हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडण्या. बहुतेक काळ्या दगडाच्या. याच बाई पुढे इथिओपियात गेल्या आणि १९७० च्या दशकात गोना नदीच्या परिसरात अतिप्राचीन दगडी हत्यारं शोधणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. त्या परिसरातली हत्यारं पुढे सुमारे २६ लाख वर्षांची ठरली. प्रवरेच्या गोट्यांवर तयार झालेली नजर आफ्रिकेत कामी आली.

हातकुऱ्हाडीला दांडा नसतो. ती मुठीत धरायची. आकार बदामासारखा, बूड जाड, टोक निमुळतं, दोन्ही कडा धारेच्या. आपण बदाम पाहिलेला असतो म्हणून आपल्याला तो आकार सोपा वाटतो. पण गोट्यात बदाम दिसत नाही. कारागीर एका बाजूनं छिलका काढतो, दगड उलटतो, नुकत्याच पडलेल्या खाचेवर दुसऱ्या बाजूनं घाव घालतो, पुन्हा उलटतो. प्रत्येक छिलका पुढच्या छिलक्यासाठी कोन तयार करून जातो. शेवटी दोन्ही अंगं जवळजवळ सारखी उतरतात. पोट कापायला आणि हाडं फोडायला इतका सारखेपणा कशाला हवा होता? हा प्रश्न अजून अभ्यासकांना भांडायला पुरतो.

फरशी तर याहून चकित करते. ती रुंद, आडव्या धारेची, आपल्या तासणीच्या लोखंडी पात्यासारखी. तिच्या धारेवर एकही बारीक घाव नसतो, कड अगदी कोरी. मग ती सरळ धार आली कुठून? कारागिरानं मोठ्या धोंड्यावरून आधी एक छिलका काढला. त्यानं एक सपाट खाच पडली. मग दुसरा, मोठा छिलका असा काढला की पहिल्या खाचेचा सपाट भाग आणि नवा फुटलेला भाग नेमके एका रेषेत भेटावेत. ती रेषा म्हणजे फरशीची धार. फरशी धोंड्यापासून सुटली तेव्हाच धारदार होती. धार आधी ठरली, हत्यार नंतर जन्मलं.

या पायरीवर किलोमागे धार निघते सुमारे ४० सेंटिमीटर. जुन्या मापानं जवळपास एक हात.

तिसरी पायरी नेवाशातच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया १९५४ मध्ये इथं उत्खननाला आले. गावच्या लाडमोड टेकाडावर खोदकाम चाललं होतं आणि सांकलियांचं लक्ष नदीच्या दरडींकडेही होतं. दरडीत त्यांना गोट्यांचे थर वेगवेगळे दिसले. खालच्या थरात मोठे गोटे आणि त्यांत काळ्या दगडाची अवजड हत्यारं. वरच्या थरात बारीक गोटे आणि त्यांत लहान, हलकी हत्यारं. गारेची, जास्परची. तासण्या, टोचण्या, टोकदार पाती. भारतातल्या मध्य पुराणाश्मयुगाची ओळख पटवणारा हा शोध होता आणि अशा हत्यारांच्या परंपरेला पुढे नेवाशाचंच नाव मिळालं. जगाच्या प्रागितिहासात ‘नेवासियन’ हा शब्द आहे, हे नेवाशाच्या एसटी स्टँडवर किती जणांना ठाऊक असेल?

काळा दगड सुटला आणि गार आली. असं का व्हावं? एक कारण हत्यारातच दिसतं. गारेचा खडा बहुधा लहान असतो, त्यातून अख्खी हातकुऱ्हाड निघणं कठीण. पण आता कारागिराला हत्यार म्हणून गाभ्याची गरजच उरली नव्हती. पूर्वी बहुधा दगड घडवून हत्यार करायचं आणि छिलका टाकून द्यायचा. आता छिलका हेच हत्यार. एकदा असं झालं की लहान खडाही पुरतो आणि गारेची बारीक, पातळ धार जड डोलेराइटपेक्षा सरस ठरते.

या काळातल्या कारागिरांची युक्तीही बदलली होती. हवा तसा छिलका एका घावात निघावा, म्हणून ते आधी गाभाच घडवत. कडेकडेनं छिलके काढून त्याची पाठ कासवासारखी करत, घाव घालायची जागा साफ करत आणि मग एकच नेमका घाव. निघणाऱ्या छिलक्याचा आकार त्याच्या आधीच्या दहा-वीस घावांनी ठरवलेला असे. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेरणी दिवसाभराची, नांगरट, ढेकळं फोडणं, कुळवणं, धसकटं वेचणं हे महिनोन् महिने. ही दगडाची मशागत होती.

किलोमागे धार निघते सुमारे दोन मीटर. म्हणजे पसरलेल्या दोन हातांची एक वाव, वर थोडी जास्तच.

चौथ्या पायरीसाठी नदीकाठानं पुन्हा वर चढावं लागतं. संगमनेरजवळ जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये इथं खोदकाम झालं आणि महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला या छोट्या गावाचं नाव पडलं. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० हा तिचा काळ. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथं एका झुडपाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या भरीव मूर्ती निघाल्या, वजन साठ किलोंहून अधिक. त्या मूर्तींपुढे माणसं थक्क होऊन उभी राहतात. मला त्याच गावच्या घरांतली नखाएवढी दगडी पाती जास्त थक्क करतात. धातू माहीत असलेली ही माणसं रोजची कापाकापी मात्र दगडानंच करत होती. तांबं दुर्मीळ होतं, गार पायाशी होती.

पातं म्हणजे लांबट, अरुंद, दोन्ही कडा समांतर असलेला छिलका. दगड शंकूनं फुटतो हे आपण पाहिलं. मग तो पट्टीसारखा सरळ कसा फुटावा? यासाठी काढलेली युक्ती ही माझ्या मते साऱ्या अश्मयुगातली सर्वांत देखणी. गाभ्याच्या एका उभ्या कडेवर कारागीर आधी डावीकडून एक, उजवीकडून एक असे बारीक छिलके काढत जातो. वेणीच्या पेडांसारखी नागमोडी कणा असलेली एक कड तयार होते. मग वरून त्या कण्याच्या नेमक्या टोकावर दाब किंवा घाव. ताण वाट शोधत असतो आणि उंचवट्याच्या आधारानं धावणं त्याला सोपं जातं. तो कण्याला धरून थेट खालपर्यंत उतरतो आणि अख्खा कणा एका पट्टीत सुटतो. त्या जागी आता दोन नव्या सरळ कडा तयार झालेल्या असतात. त्या पुढच्या पात्यांना वाट दाखवतात, ती पाती आणखी पुढच्यांना. पाभरीची पहिली काकरी सरळ गेली की बाकीच्या तिच्याकडे बघून सरळ जातात, तसंच.

हे हात आजही पाहायला मिळतात, फक्त थोडं उत्तरेला. गुजरातेत खंबातचे अकीकाचे कारागीर जमिनीत टोकदार लोखंडी सळई रोवतात, तिच्या टोकाला खडा टेकवतात आणि बांबूच्या लवचिक काठीला लावलेल्या शिंगाच्या हातोड्यानं वरून हलकेच मारतात. छिलका उडतो तो खालून, सळईच्या टोकापाशी. शिंग का? दगडानं दगडावर मारलं तर घाव फार कडक बसतो. शिंग किंचित दबतं, घाव अंमळ लांबवतं आणि छिलका पातळ निघतो.

पात्यावर पुढचं काम असे. एक कड मुद्दाम बोथट करायची, म्हणजे बोट कापत नाही आणि ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत नीट बसते. अशी चार-सहा पाती ओळीनं डिंकानं किंवा राळेनं बसवली की झाला विळा. एक दात तुटला तर तेवढाच बदलायचा. लाकडी विळ्यात बसवलेले असे गारेचे दात प्राचीन इजिप्तमध्ये जसेच्या तसे सापडले आहेत.

किलोमागे धार आता ६ मीटरपासून थेट २० मीटरपर्यंत. नगरच्या एखाद्या खोल विहिरीला पुरेल एवढा दोर!

तळहात, हात, वाव आणि विहिरीचा दोर. दगड तोच, वजन तेच, मग ही लांबी कुठून आली? दगड जास्त जोरानं फोडल्यानं नक्कीच नाही. प्रत्येक पायरीवर कारागिराचे अधिकाधिक घाव प्रत्यक्ष हत्यारासाठी न पडता पुढच्या घावाच्या तयारीसाठी पडत गेले. वाढली ती मशागत. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात थेंबाचं पीक कसं वाढवायचं हे शिकताना माणसं जे करतात, बांध घालतात, जमीन तयार करतात, वाट पाहतात, त्याच हिशेबाचं हे सर्वांत जुनं गणित वाटतं मला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. आपण याला अश्मयुग म्हणतो, कारण दगड उरला. प्रवरेच्या उगमाकडे, अकोल्याच्या डोंगरात, भाताची लावणी करणाऱ्या बायका बांबूच्या कामट्या विणून त्यांत रुंद पानांचा थर भरून इरलं करत आल्या. वारा लागत नाही, पाणी आत येत नाही, दोन्ही हात मोकळे. काही पावसाळ्यांत ते कुजतं आणि मातीत जातं. अशी किती इरली, किती टोपल्या, किती खणायच्या काठ्या, किती दोऱ्या गेल्या असतील! तासण्यांनी तासलेलं लाकूड गेलं, तासणी तेवढी उरली. क्वचित एखादा अपघात दार किलकिलं करतो. नेवाशाला ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तांब्याच्या क्षारांनी मण्यांच्या आतला धागा राखला होता. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस दिसला. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा वळलेला धागा, मण्याच्या भोकाएवढा.

म्हणून सांकलियांच्या १९६४ च्या पुस्तकाचं नाव मला फार आवडतं. ‘स्टोन एज टूल्स: देअर टेक्निक्स, नेम्स अँड प्रॉबेबल फंक्शन्स’. दगडी हत्यारांची तंत्रं, नावं आणि संभाव्य उपयोग. तंत्राबद्दल दगड स्वतः साक्ष देतो, फुगवटा दाखवतो, लाटा दाखवतो. पण ते हत्यार कशासाठी चालवलं, हे सांगणारं चामडं, मांस, लाकूड समोर नाही. तिथं सांकलिया ‘संभाव्य’ म्हणून थांबतात.

याच कारणानं एक विनंतीही. अशा हत्याराचं अर्धं मोल त्याच्या जागेत असतं. ते कोणत्या थरात, कशाखाली, कशाशेजारी पडलं होतं, त्यावरून त्याचं वय ठरतं. सांकलियांनी नेवाशाला जे ओळखलं ते एकेका दगडावरून ओळखलं नव्हतं. खालचा थर आणि वरचा थर यांतल्या फरकावरून ओळखलं होतं. तिथून उचलून कपाटात ठेवलेलं हत्यार म्हणजे पोथीतून फाडलेलं पान; अक्षर सुंदर, पण कोणत्या अध्यायातलं ते कळायला मार्ग नाही. ट्रॅक्टरनं वाळू उपसली की असे कितीतरी अध्याय बांधकामावरच्या चाळणीतून जातात.

पुढच्या उन्हाळ्यात प्रवरेच्या काठी गेलात आणि एखादी गार उन्हात चमकली, तर जवळ जाऊन बसा. एका बाजूला फुगवटा आहे का, त्यातून लाटा निघाल्यात का, पाठीवर एकाच दिशेनं काढलेल्या सरळ खाचा आहेत का, ते पाहा. एखादा छिलका नदीच्या आपटण्यानंही निघतो; पण ओळीनं पडलेल्या खाचांमागे बहुधा कुणीतरी असतं. मग बाजारातल्या त्या बाईसारखा कडेवर अंगठा अलगद आडवा फिरवा. लाख वर्षांपूर्वी कुणीतरी, पुढच्या कामाला लागण्याआधी, धार जमली की नाही हे याच कडेवर असंच पाहिलं असेल. आणि दगड होता तिथंच राहू द्या.